संगणकाची पूर्वतयारी आणि आपले कर्तव्य

(पुणे येथील वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते, गुणवंतांचा सत्कार होतो आणि मुलांनी काळाबरोबर चालावे असा उपदेश केला जातो. तो उपदेश योग्यच आहे. परंतु काळाबरोबर चालावयाचे तर पहिले पाऊल कोठे अडखळते, हे पाहण्याची सवड आपण सहसा काढीत नाही. आज आम्ही त्या पहिल्या पावलाविषयीच बोलणार आहोत. विषय दिसावयास लहान आहे. संगणकावर प्रोग्रॅम लिहावयास शिकविणाऱ्या कार्यशाळेला मुलगा किंवा मुलगी जावयाची असेल, तर त्याआधी तो संगणक सिद्ध कसा करावा आणि ते काम कोणाचे, एवढाच हा विषय. पण या लहान विषयात आमच्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती आपणांपुढे कबूल करावी, हाही आजच्या बोलण्याचा एक हेतू आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या संघाने शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी पायथन या संगणकीय भाषेची दोन दिवसांची कार्यशाळा भरविली होती. योजकांमध्ये आम्हीही होतो. पत्रक मोठ्या हौसेने छापले. त्यात वेळ, स्थळ, भोजनाची व्यवस्था, सारे सविस्तर दिले होते आणि शेवटी एक ओळ होती : ‘येताना स्वतःचा लॅपटॉप आणावा व त्यावर पायथन बसवून आणावे.’ ही ओळ लिहिताना आम्हांस तिचे काहीच ओझे वाटले नाही. ते ओझे किती होते, हे पहिल्या दिवशी सकाळी दहा वाजता कळले. निम्म्याहून अधिक मुलांच्या यंत्रांवर काहीच बसलेले नव्हते. काहींनी बसविले होते, पण ते चालत नव्हते. कोणी भलत्याच संकेतस्थळावरून भलतेच काही उतरवून आणले होते. कार्यालयातील इंटरनेटची जोडणी एकाच वेळी इतक्या यंत्रांचा भार कशी सोसणार? ती मंदावली. विजेची बटणे कमी पडली. शिकविणारे दोघे तरुण या टेबलावरून त्या टेबलावर धावत राहिले आणि पहिला पाठ सुरू झाला तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला होता.

त्या गर्दीत भवानी पेठेतून आलेली अकरावीतील एक मुलगी होती. तिने मामेभावाचा लॅपटॉप मागून आणला होता. त्यावर काहीही नवे बसवावयाचे तर मालकाचा परवलीचा शब्द द्यावा लागत होता, आणि तो मामेभाऊ त्या दिवशी हिंजवडीला कामावर होता. त्याचा फोन लागेना. ती मुलगी तीन तास पडद्याकडे पाहत बसली. दुपारी जेवण करून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. संध्याकाळी आम्ही तिच्या घरी फोन केला. तिची आई म्हणाली, “तिला ते जमायचं नाही असं म्हणते ती.”

सभ्य गृहस्थहो, ‘जमायचे नाही’ हे तिला कोणी सांगितले? प्रोग्रॅमची एक ओळही तिने लिहिली नव्हती, तेव्हा तिच्या बुद्धीची परीक्षा झालीच नव्हती. तिला तसे सांगितले ते आमच्या पत्रकातील त्या एका ओळीने. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्यांची यंत्रे सकाळीच सिद्ध होती, ती मुले काही अधिक हुशार नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी मोठा भाऊ, वडील किंवा काका याच व्यवसायात होते आणि आदल्या रात्री त्यांनी शेजारी बसून सारे लावून दिले होते. ज्यांच्या घरी असे कोणी नव्हते, ती मुले मागे राहिली. दहावीच्या गुणपत्रिकेत न दिसणारी ही विषमता आमच्याच कार्यालयात आम्ही उभी केली होती.

आता ही पूर्वतयारी म्हणजे आहे तरी काय, ते वडील मंडळींस आपल्याच घरातील उदाहरणाने सांगतो. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे मागावर बसत. मागावर बसण्यापूर्वी किती कामे असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे. सूत उकलावयाचे, त्यास खळ द्यावयाची, कांड्या भरावयाच्या, ताणा लावावयाचा आणि एकेक धागा फणीतून ओवून घ्यावयाचा. हे सारे यथास्थित झाले म्हणजे मग धोटा फिरे. एक धागा चुकीच्या घरात गेला तर तो दोष कापडाच्या शेवटच्या टोकापर्यंत दिसे. परंतु मजुरी मिळे ती विणलेल्या कापडाची. तयारीचे वेगळे मोल कोणी देत नसे. ती तयारी करीत कोण? घरातील बायका आणि मुले. एकट्या विणकराने सारे उरकावे, अशी अपेक्षा कोणत्याही घराने केली नाही. आपल्या पूर्वजांस जे कळत होते, ते आम्ही विसरलो. मुलाला आम्ही विणावयास बोलाविले आणि ताणा मात्र एकट्यानेच लावून आण, असे सांगितले.

हे साम्य केवळ बोलण्यापुरते आहे, असेही समजू नये. फ्रान्समधील लियों शहरी जोसेफ जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणारा माग सिद्ध केला. कोणते धागे उचलावयाचे हे त्या पुठ्ठ्यावरील छिद्रे ठरवीत. हीच कल्पना चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली, आणि पुढे विसाव्या शतकात संगणकाला आज्ञा देण्यासाठी अशीच छिद्रांकित कार्डे कित्येक वर्षे वापरली गेली. तेव्हा संगणकाचे एक मूळ मागाच्या खोलीत आहे. आपल्या मुलांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पायथन ही भाषा खिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी निर्माण केली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांपुढे आली. ती विनामूल्य आहे, हे पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. पायथन उतरविण्यासाठी कोणी पैसे मागू लागला, तर आपण चुकीच्या दारात उभे आहोत असे खुशाल समजावे. ती ‘पायथन डॉट ऑर्ग’ या तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. विंडोजवर बसवावयाचा तिचा संच सुमारे २५ ते ३० मेगाबाइटचा असतो, म्हणजे फोनवरील इंटरनेटच्या आधारेही तो सहज उतरतो.

परंतु उतरविण्याआधी आपले यंत्र पाहावे. घरातील जुन्या संगणकावर विंडोज ७ असेल, तर त्यावर पायथनची ३.९ व त्यापुढील आवृत्ती बसत नाही. ३.८ बसते, पण तिची डागडुजी २०२४ सालीच थांबली आहे. अशा वेळी मुलाने रात्रभर झटापट करून स्वतःला दोष देऊ नये. दोष यंत्राच्या वयाचा आहे. त्याने आयोजकांस आधी कळवावे, म्हणजे पर्यायी यंत्राची सोय करता येते. दुसरी गोष्ट मालकीची. यंत्र मागून आणलेले असेल, तर नवे काही बसविण्याची परवानगी आणि परवलीचा शब्द ज्याच्याजवळ आहे, त्या माणसासमोरच हे काम उरकावे. त्या मुलीचे घोडे नेमके येथेच अडले.

बसविताना सर्वांत अधिक फसगत होते ती एका लहानशा चौकटीमुळे. विंडोजसाठी जो संच अनेक वर्षे प्रचलित आहे, तो उघडताच पहिल्या पानाच्या तळाशी ‘पाथमध्ये पायथन जोडावे काय’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यात खूण करावयाची राहिली, तर पायथन यंत्रावर बसते खरे, पण हाक मारली असता ओ देत नाही. पाथ म्हणजे यंत्राने आज्ञा कोठे कोठे शोधावी याची यादी होय. पेठेत घर आहे, पण पोस्टमनच्या यादीत पत्ता नाही, असा हा प्रकार. पत्र परत जाते आणि आपण म्हणतो घरच नाही! कित्येकदा तर नुसते ‘पायथन’ असे लिहिताच विंडोज आपल्या दुकानाचे पान उघडते, आणि मुलास वाटते की आपण काही भलतेच केले. तेव्हा ती चौकट विसरू नये. विसरली असल्यास घाबरू नये. तोच संच पुन्हा चालवून खूण करता येते. मॅकच्या यंत्रावर हाक मारताना पायथनच्या नावापुढे ३ हा आकडा जोडावा लागतो. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर पायथन आधीपासूनच असते आणि यंत्राची स्वतःची कामेही त्यावर चालतात, म्हणून ते काढून टाकण्याच्या फंदात पडू नये.

त्यानंतर लिहिण्याचे साधन, म्हणजे एडिटर. पायथनबरोबर आयडल नावाचे साधे साधन आपोआप येते. व्यवसायातील मंडळी बहुधा व्ही. एस. कोड वापरतात. ते चांगले आहे, पण नवशिक्याला त्यातील पसारा बुजवितो. एस्टोनिया देशातील तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी सिद्ध झालेले थॉनी हे साधन आपल्या पोटातच पायथन घेऊन येते, त्यामुळे पाथची कटकट पुष्कळशी टळते. कोणते साधन घ्यावयाचे हे आयोजकांनी ठरवावे आणि सर्वांनी तेच घ्यावे. वीस मुलांपुढे वीस निराळे पडदे असले, तर शिकविणारा कोणाकोणाला पुरणार?

तिसरी गोष्ट स्वतंत्र कप्प्याची. पायथनला जोडून पुष्कळ तयार संग्रह मिळतात. एका कामाला एका संग्रहाची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. दोन्ही एकाच जागी कोंबल्या की भांडण लागते. म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळा कप्पा करण्याची सोय पायथनमध्ये २०१२ सालापासून अंगभूत आहे. तिला ‘व्हेन्व’ म्हणतात. स्वयंपाकघरात मिठाचा डबा निराळा आणि साखरेचा निराळा, त्यातलाच हा प्रकार. कामाच्या फोल्डरचे नाव मात्र साध्या रोमन अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवावे. काही साधने अन्य नावांनी गोंधळतात.

आता, यंत्र सिद्ध झाले हे ओळखावयाचे कसे? ‘बसविले’ म्हणजे ‘सिद्ध झाले’ नव्हे. त्यासाठी चार खुणा सांगतो. पायथनला तिची आवृत्ती विचारली असता तिने आकडा सांगितला पाहिजे. दोन आणि दोन यांची बेरीज विचारली असता पडद्यावर चार उमटले पाहिजेत. तीच बेरीज एका फाइलमध्ये लिहून, साठवून, ती फाइल चालविता आली पाहिजे. आणि कार्यशाळेत लागणारा एखादा संग्रह कप्प्यात बसवून तो कुरकुर न करता उघडला पाहिजे. या चारही खुणा पटल्या म्हणजे ताणा लागला. एक जरी हुकली, तरी ती त्याच संध्याकाळी कळविली पाहिजे, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे.

कळवितानाही एक शिस्त आहे. ‘चालत नाही’ एवढेच सांगितल्याने कोणालाही काही कळत नाही. वैद्यासमोर ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणून भागते काय? पडद्यावर जो मजकूर आला असेल तो जसाच्या तसा, शेवटच्या ओळीसह पाठवावा, आपण आधी काय केले तेही लिहावे आणि यंत्रावर कोणती प्रणाली आहे तेही सांगावे. चुकीचा संदेश म्हणजे यंत्राने केलेली निर्भर्त्सना नव्हे. काय अडले आहे हे त्यातूनच बहुधा कळते. हे ज्या मुलास समजले, त्याचा अर्धा अभ्यास त्याच दिवशी झाला असे आमचे मत आहे. या क्षेत्रातील अनुभवी मंडळीही दिवसाचा मोठा भाग अशाच संदेशांशी बोलण्यात घालवितात.

यावर दोन आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला असा की, ब्राउझरमध्येच पायथन चालविण्याच्या विनामूल्य सोयी आज आहेत, मग ही यातायात कशाला? त्या सोयी आहेत आणि अडल्या वेळी त्या वापराव्यात हेही खरे. परंतु त्यांस अखंड इंटरनेट लागते. शिवाय कार्यशाळा संपल्यावर मुलाच्या हाती स्वतःचे साधन उरत नाही. भाड्याच्या मागावर दोन दिवस विणून आलेल्यास घरी माग मांडता आला नाही, तर ती विद्या किती दिवस टिकेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांनी स्वतः धडपडावे, सारे हातात आणून दिल्याने ती पांगळी होतात, असे काही वडीलधारी म्हणतात. धडपडीचे मोल आम्हीही जाणतो. पण धडपडीला वेळ लागतो आणि जवळ विचारावयास एखादे माणूस लागते. कार्यशाळेच्या सकाळी चाळीस जणांच्या देखत केलेल्या धडपडीतून लाज तेवढी हाती लागते. आदल्या संध्याकाळी, शेजारी जाणते माणूस असताना केलेल्या धडपडीतून विद्या मिळते. मुलाचे काम आपण करून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. बटणे त्यानेच दाबावीत. आपण फक्त शेजारी बसावे.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. २०१४ साली बर्लिन येथे दोन पोलिश तरुणींनी ‘जँगो गर्ल्स’ नावाची चळवळ सुरू केली. त्यांच्या पद्धतीत कार्यशाळेच्या आदल्या संध्याकाळी सर्वांनी जमून यंत्रे सिद्ध करण्याचा कार्यक्रम असतो. आपल्या पुण्यासही हे वातावरण नवे नाही. पायथनप्रेमींचे अखिल भारतीय संमेलन, पायकॉन इंडिया, २०११ च्या सप्टेंबरात सिंबायोसिसच्या वास्तूत याच शहरात भरले होते. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये जन्मलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे ध्वनिचित्रपाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. इंग्रजीची भीती असलेल्या मुलाने तेथून आरंभ करावा. ज्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, त्याच पुण्याच्या पेठेतील मुलगी एका परवलीच्या शब्दासाठी मागे राहावी, ही गोष्ट आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, यंदाची कार्यशाळा दोन दिवसांची न मानता अडीच दिवसांची मानावी आणि तिचा पहिला पाठ आदल्या संध्याकाळी सहा वाजता आपल्या कार्यालयात सुरू व्हावा. कोणती आवृत्ती, कोणते साधन आणि त्या चार खुणा कोणत्या, याचे मराठी पत्रक आठ दिवस आधी घरोघर पोहोचवावे. सारे संच चार-पाच पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवावेत, म्हणजे इंटरनेटचा खोळंबा होणार नाही. विजेचे जादा बोर्ड आणावेत. ज्यांचे यंत्र अडेल किंवा ज्यांच्याजवळ यंत्रच नाही, त्यांच्यासाठी दोन-तीन लॅपटॉप उसने मिळवून ठेवावेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथे नोकरी करणारे आपले जे तरुण आहेत, त्यांस आमची विनंती आहे की, संघाला देणगी अवश्य द्यावी, परंतु त्याहीपेक्षा ही एक संध्याकाळ द्यावी. पालकांनी मुलांबरोबर यावे. काही कळले नाही तरी चालेल. कांड्या भरणाऱ्या आपल्या आजीलाही नक्षीचे गणित येत नसे, पण तिच्यावाचून माग चालत नव्हता.

शेवटी त्या मुलीविषयी सांगतो. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. मामेभावालाही बोलावून घेतले होते. त्याने परवलीचा शब्द दिला, मुलीने स्वतःच्या हाताने पायथन बसविले, ती चौकट विसरली नाही, आणि चारही खुणा पटल्या. आम्ही घड्याळात पाहिले. सारे मिळून वीस मिनिटे लागली होती. त्यानंतर तिने पहिला प्रोग्रॅम लिहिला तो तिच्या आईच्या भिशीच्या हिशेबाचा. बारा बायकांचे हप्ते, त्यांची बेरीज आणि कोणाचे येणे राहिले ते. आईने वहीशी ताडून पाहिले आणि ‘बरोबर आहे’ म्हणाली.

वीस मिनिटांचे ते काम होते. त्या वीस मिनिटांसाठी तिचे अडीच महिने वाया गेले, आणि आपण कमी आहोत ही समजूत तिच्या मनात घर करून राहिली ती वेगळीच. अशी किती मुले निमूटपणे परत गेली असतील, याची मोजदाद आपल्या कोणत्याही अहवालात नाही. यंदा ती होऊ नये आणि तिची गरजही पडू नये, एवढीच आमची इच्छा आहे. कार्यालयाच्या दाराशी त्या संध्याकाळसाठी नावनोंदणीची वही ठेवली आहे. शिकणाऱ्यांनी डावीकडे आणि शेजारी बसणाऱ्यांनी उजवीकडे आपले नाव लिहावे. उजवीकडील यादी डावीकडच्याइतकीच लांब होईल, असा विश्वास बाळगून आम्ही आपली रजा घेतो.